पुराव्यावर आधारित पद्धती बालवर्गात प्रत्यक्ष कशा वापरायच्या?

मृदगंध

नमस्कार. तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गाला मी गेली नऊ वर्षे शिकवत आहे. या वर्षी वर्गात २२ मुले असून त्यांतील एक चार वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. तो मोजके सात-आठ शब्द बोलतो, तेही रोज नव्हे. त्याच्यासाठी दिवसभर एक मदतनीस ताई असतात. त्या अतिशय प्रेमळ आहेत. परंतु त्याच्या चपला त्याच काढतात, क्लेचा डबा त्याच उघडतात, आणि गोलात बसायची वेळ आली की तो त्यांच्या मांडीवर असतो. मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने ताईंना विचारले, "त्याला लाल ठोकळा पाहिजे का?" त्या वेळी तो तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेला होता. तेव्हापासून तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही, कारण मुलगा माझ्या वर्गात असूनही वर्गाचा झालेला नाही, हे त्या एका वाक्यात दिसले.

आमच्या पर्यवेक्षकांनी सर्वांना पुराव्यावर आधारित पद्धती वापरण्याची सूचना केली आहे, पण त्याचा नेमका अर्थ कोणी समजावून सांगितला नाही. दरम्यान, 'संशोधनाने सिद्ध' असे छापलेला साहित्याचा एक संच विकत घ्यावा, असा प्रस्ताव पुढे आला आहे. मुलाच्या पालकांना संवादासाठी चित्रपत्ते हवे आहेत. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत असे की चित्रे हातात दिली की मूल बोलण्याचे कष्ट घेत नाही. मला दोघांचाही आदर आहे, म्हणूनच कोणाचे ऐकावे हे ठरवता येत नाही. एखादी पद्धत पुराव्यावर आधारित आहे हे शिक्षिकेने कसे ओळखावे, आणि २२ मुलांच्या वर्गात ती कशी राबवावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

पाऊलवाट

मृदगंध ताई, मी लहान मुलांसाठी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. तुम्ही लाल ठोकळ्याचा प्रसंग टिपून ठेवलात, हे फार चांगले केलेत. पुढचे सारे काम अशाच नोंदींवर उभे राहणार आहे.

'पुराव्यावर आधारित' ही संज्ञा मूळची वैद्यकातली. डॉक्टर डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिचा अर्थ स्पष्ट करताना, उपलब्ध संशोधनातला सर्वांत भक्कम पुरावा आणि डॉक्टरचा स्वतःचा अनुभव यांची सांगड घालून समोरच्या रुग्णाविषयी निर्णय घेणे, असे म्हटले होते, आणि त्यात रुग्णाची इच्छा व परिस्थितीही धरली होती. बालशिक्षणात ही कल्पना आली तेव्हा रुग्णाच्या जागी मूल व त्याचे कुटुंब आले, आणि डॉक्टरच्या जागी तुम्ही. म्हणजे ही निर्णय घेण्याची एक रीत आहे. तुम्ही संशोधन पाहता, पालकांना विचारता, स्वतःचा अनुभव त्यात मिसळता, मग एक पद्धत निवडून ती जशी सांगितली आहे तशीच काही आठवडे करता, रोज नोंद ठेवता, आणि नोंदीत फरक दिसला नाही तर पद्धत बदलता. यातले शेवटचे दोन भागच बहुधा गळून जातात.

चित्रपत्त्यांविषयी तुमच्या सहकाऱ्यांना वाटणारी भीती बऱ्याच जणांना वाटते आणि ती मुलाच्या काळजीपोटीच असते, त्यामुळे तिला नीट उत्तर द्यायला हवे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला होता. विकासात्मक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना चित्रे, खुणा किंवा उपकरणे यांसारखी संवादाची साधने दिल्यावर त्यांच्या बोलण्याचे काय होते, याविषयीचे अभ्यास त्यांनी गोळा केले. त्यांतल्या ज्या सहा अभ्यासांची पद्धत भरवशाची होती, त्यांत २७ व्यक्ती होत्या. एकाचेही बोलणे कमी झाले नाही, ११ टक्के व्यक्तींमध्ये फरक पडला नाही, आणि ८९ टक्के व्यक्तींचे बोलणे वाढले. वाढ बेताची होती, हेही सांगितले पाहिजे. चित्रे दिली म्हणजे मूल घडाघडा बोलू लागेल, असे आश्वासन पालकांना देऊ नये. पण बोलणे थांबेल या भीतीने चार वर्षांच्या मुलाला मागण्याचे, नाकारण्याचे साधनच न देणे याला आधार नाही.

आता २२ मुलांच्या वर्गाविषयी. मुलाला बाजूला नेऊन शिकवण्याऐवजी दिवसभरात आपोआप येणाऱ्या प्रसंगांत छोट्या छोट्या संधी पेरणे, ही पद्धत बालवयात उत्तम अभ्यासली गेली आहे आणि वर्गाला पेलणारीही आहे. झोक्याचे उदाहरण घ्या. त्याला झोका आवडत असेल, तर पहिले दोन दिवस झोका धरताच लगेच 'झोका' म्हणा, चित्रावर त्याचे बोट टेकवा आणि झोका द्या. इथे थांबायचे अजिबात नाही, कारण अजून आपण दाखवत आहोत. तिसऱ्या दिवसापासून झोका धरा, त्याच्या समोर या, चेहऱ्यावर अपेक्षा ठेवा आणि मनात पाच अंक मोजा. तोंडाने काहीही बोलू नका. हे पाच अंक मोठ्या माणसाला फार लांब वाटतात आणि तिसऱ्याच अंकाला आपण 'बोल ना, काय हवं?' असे म्हणून मोकळे होतो. माझेही सुरुवातीला तसेच होत असे, मग मी पाठीमागे हाताची बोटे मिटत मोजू लागले. पाचपर्यंत त्याने चित्राला हात लावला, आवाज काढला किंवा शब्द उच्चारला, तर तत्क्षणी झोका द्यावा. काहीच केले नाही, तर पुन्हा करून दाखवावे आणि तरीही झोका द्यावा. त्याला अडवून धरण्यासाठी हे थांबणे नाही.

नोंदीसाठी वही घेऊन फिरायची गरज नाही. डाव्या खिशात दहा मणी ठेवा. प्रत्येक संधीला एक मणी बाहेर काढा. त्याने स्वतःहून केले तर तो उजव्या खिशात टाका, मदत लागली तर परत डाव्या खिशात न टाकता टेबलावरच्या वाटीत ठेवा. दिवसाच्या शेवटी उजवा खिसा मोजला की झाले.

मदतनीस ताईंबद्दल फार हळुवारपणे बोलावे लागेल. विशेष शिक्षणाचे अभ्यासक मायकेल जियांग्रेको यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की मदतनीस सतत मुलाला खेटून बसल्याने इतर मुले त्याच्यापासून दुरावतात, मूल मोठ्यांवर अवलंबून राहते आणि वर्गशिक्षिकाही नकळत त्याची जबाबदारी सोडून देते. हे वाचून मी स्वतः बराच काळ गप्प झाले होते, कारण तिसरी गोष्ट माझ्याही हातून घडलेली होती. ताईंना 'लांब बसा' असे सांगितले तर त्यांना तो दोषारोप वाटेल. त्याऐवजी त्यांना गोलातल्या सहा मुलांच्या गटाचे काम द्या आणि त्या गटात तो असू द्या.

सोनचाफा

मी शिक्षिका नाही. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि तिला डाउन सिंड्रोम आहे. वरच्या उत्तरात पालकांना विचारण्याचा उल्लेख एका वाक्यात आला. त्यावर आईच्या बाजूने थोडे अधिक लिहावेसे वाटते.

ती तीन वर्षांची असताना आम्हाला एका ठिकाणी रोज घरी करण्यासाठी सरावाचे तक्ते मिळत असत. वेगवेगळे रंग ओळखणे, मणी ओवणे, चित्रांच्या जोड्या लावणे. आम्ही ते मनापासून केले. परंतु त्या काळात आमच्या घरातला खरा कठीण प्रसंग संध्याकाळची आंघोळ हा होता. डोक्यावर पाणी घेताना ती इतकी किंचाळायची की मी आणि माझे पती दोघेही रडकुंडीला यायचो. वर्षभरात एकानेही आम्हाला 'तुमचा दिवस कसा जातो?' असे विचारले नाही. रंग ओळखता आल्याने आमचा एकही दिवस सोपा झाला नाही.

पुढे ज्या शिक्षिका भेटल्या, त्यांनी पहिल्या भेटीत वही उघडून सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा प्रत्येक टप्पा विचारला. त्या वेळी ती काय करते, घरातली इतर माणसे काय करत असतात, आणि त्या टप्प्यावर आम्ही किती समाधानी आहोत, असे प्रश्न होते. दोन तास लागले. शेवटी त्यांनी आम्हालाच विचारले की यातले आधी काय बदलावेसे वाटते. या मुलाखतीला संशोधनाचा पाया आहे आणि रॉबिन मॅकविल्यम यांनी ती विकसित केली आहे, हे मला नंतर समजले. आंघोळ तीन आठवड्यांत सुसह्य झाली, कारण पाणी ओतण्याआधी 'एक, दोन, तीन' म्हणायचे आणि तांब्या तिच्याच हाती द्यायचा, एवढेच त्यांनी सुचवले होते.

मृदगंध ताई, त्या मुलाच्या आईला चित्रपत्ते का हवे आहेत, हे कृपया तिला विचारा. कदाचित घरी तो काहीतरी मागत असेल आणि त्यांना ते कळत नसेल. तो घरी कशी खूण करतो, काय पाहून हसतो, कोणता आवाज सहन होत नाही, हे तिला तोंडपाठ असणार. वर्गातले पत्ते आणि घरचे पत्ते सारखे असावेत, एवढे मात्र नक्की पाहा. आमच्याकडे दोन्हीकडची चित्रे वेगळी होती आणि त्यात तिचे चार महिने गेले.

तराजू

शैक्षणिक संशोधनाच्या पद्धती हा माझा अध्यापनाचा विषय आहे. 'पुरावा' या शब्दाचा वापर इतका सैल झाला आहे, की पर्यवेक्षकांची सूचना आणि संचाचा प्रस्ताव एकाच वेळी यावेत याचे मला आश्चर्य वाटले नाही.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढून ठेवू. हा मुलगा तुमच्या वर्गात असावा की नसावा, हा प्रश्न पुराव्याने ठरवायचा नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील कलम २४ नुसार समावेशक शिक्षण हा हक्क आहे. पुरावा लागतो तो पुढच्या प्रश्नासाठी, म्हणजे वर्गात आल्यावर त्याला खरोखर सहभागी कसे करून घ्यायचे यासाठी. अमेरिकेतील डीईसी आणि एनएईवायसी या बालशिक्षणाच्या क्षेत्रातील संघटनांनी २००९ मध्ये काढलेल्या संयुक्त निवेदनात समावेशनाची तीन लक्षणे दिली आहेत: प्रवेश, सहभाग आणि आधार. तुमच्याकडे प्रवेश आहे, आधारही आहे. परंतु तो आधार अशा तऱ्हेने दिला जात आहे की सहभागाची वाट त्यानेच अडवली आहे.

आता पुरावा कसा ओळखावा. स्वमग्न मुलांसाठीच्या पद्धतींचा एक व्यापक आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० ते २०१७ या काळातले अभ्यास तपासून त्यात २८ पद्धती पुराव्यावर आधारित ठरवल्या गेल्या. त्यासाठीचा निकष समजून घेण्यासारखा आहे: किमान दोन वेगळ्या संशोधकगटांनी केलेले दोन दर्जेदार गट-अभ्यास, किंवा किमान तीन वेगळ्या गटांनी केलेले, एकूण २० तरी मुले असलेले पाच एकल-व्यक्ती अभ्यास (म्हणजे एकेका मुलातला बदल वारंवार मोजणारे), किंवा या दोहोंचा ठरावीक मेळ. यात 'वेगळे गट' हे शब्द महत्त्वाचे आहेत. संच बनवणाऱ्यानेच केलेला एकमेव अभ्यास दाखवला जात असेल, तर तो कितीही आकर्षक असला तरी या निकषाला उतरत नाही. मघाशी सांगितलेले थांबून संधी देणे, दृश्य आधार आणि सवंगड्यांच्या मदतीने शिकवणे या तिन्ही पद्धती त्या २८ मध्ये आहेत.

संचाच्या माहितीपत्रकात एखाद्या प्रसिद्ध अभ्यासाचे नाव असण्याची शक्यता आहे, म्हणून तेही सांगतो. पेरी प्रीस्कूल अभ्यास १९६२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात सुरू झाला. त्यात १२३ मुले होती, त्यांपैकी ५८ मुलांना बालवर्गाचा लाभ मिळाला आणि पुढे कित्येक दशके सर्वांचा मागोवा घेतला गेला. परिणाम खरोखर लक्षणीय होते. पण तिथे पाच-सहा मुलांमागे एक प्रशिक्षित शिक्षिका होती आणि ती दर आठवड्याला घरी जाऊन आई व मूल दोघांबरोबर सुमारे दीड तास काम करत असे. बालशिक्षणाचा लाभ सिद्ध झाला आहे, एवढ्यावरून खोक्यात भरून विकलेल्या साहित्याचाही लाभ सिद्ध होत नाही. तसेच, मुलाची 'शिकण्याची शैली' ओळखून त्यानुसार शिकवण्याचा दावा त्या संचात असेल तर सावध राहा. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात त्या दाव्याला पुरेसा आधार सापडला नव्हता.

पाऊलवाट यांच्याशी माझा एका जागी थोडा मतभेद आहे. शिक्षिकेचा अनुभव हा पुराव्याचा घटक मानला, तर प्रत्येक जुनी सवय त्या दारातून आत येऊ शकते. मोठ्यांच्या हाताच्या आधाराने न बोलणाऱ्या मुलांकडून टंकलेखन करून घेण्याची एक पद्धत १९९० च्या दशकात खूप पसरली. ती वापरणारे लोक अनुभवी होते, प्रामाणिक होते आणि मुलांवर मनापासून प्रेम करणारे होते. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवले आणि हात धरणाऱ्या व्यक्तीला, तिच्या नकळत, दुसरेच. टंकलेले उत्तर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचे निघाले. त्या माणसांना स्वतःलाही आपण शब्द लिहीत आहोत हे ठाऊक नव्हते, आणि त्या घरांतील पालकांचे त्या दिवशी काय झाले असेल, याचा विचार आजही मन विषण्ण करतो. म्हणून तुमच्या मुलाचे बोट चित्रावर टेकवण्याचा टप्पा दोन दिवसांहून लांबवू नका. तो हात सुटल्यानंतर त्याने स्वतः केलेली निवड तेवढीच मोजावी.

पाऊलवाट

तराजू, हा आक्षेप मला मान्य आहे. अनुभवाने पद्धत निवडायला मदत होते, ती लागू पडली की नाही हे मात्र मण्यांनीच सांगावे.

सवंगड्यांचा विषय निघाला आहे म्हणून एक भर घालते. बालवयातल्या मुलांसाठी १९९० च्या दशकात अभ्यासली गेलेली एक सोपी रीत आहे: निवडलेल्या दोन-तीन मुलांना तीन गोष्टी शिकवायच्या, मित्राजवळ राहायचे, त्याच्याबरोबर खेळायचे आणि त्याच्याशी बोलायचे. आधी ताईंबरोबर दहा-दहा मिनिटे सराव करायचा आणि मग खऱ्या खेळात करायचे. लाल ठोकळ्याबद्दल विचारणारी मुलगी यासाठी योग्य वाटते, कारण तिला त्याच्याविषयी आस्था आहेच. फक्त कोणाला विचारायचे, ते तिला ठाऊक नव्हते.

मृदगंध

पाच आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे मनःपूर्वक आभार.

त्याच्या आईशी दीड तास बोलले. तो घरी हवी असलेली वस्तू दोनदा थोपटतो, हे मला माहीतच नव्हते. वर्गातही तो तसेच करत होता आणि आम्ही त्याला चाळा समजत होतो. आता थोपटणे हेही मागणे म्हणून मोजतो. झोक्यावर पहिल्या आठवड्यात दहापैकी दोन, तिसऱ्या आठवड्यात सहा आणि या आठवड्यात नऊ मणी उजव्या खिशात आले. चार वेळा त्याने 'झो' असा स्पष्ट उच्चार केला. क्लेच्या डब्याजवळ मात्र अजूनही दहापैकी एक किंवा दोनच, आणि ते मला उमगत नाही, कारण पद्धत तीच आहे.

मदतनीस ताईंना पहिल्या दिवशी वाईट वाटले. मी त्यांना नोंद ठेवण्याचे काम दिले, आणि आता मणी माझ्यापेक्षा त्याच काटेकोरपणे मोजतात. संच घेण्याचा निर्णय लांबणीवर पडला आहे. कोणत्या वेगळ्या गटाने तो तपासला, या माझ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

त्या मुलीने काल त्यालाच विचारले, "तुला लाल पाहिजे?" तो उत्तर देण्याआधीच तिने ठोकळा त्याच्या हातात ठेवला.

पाऊलवाट

क्लेविषयी आधी एक पाहा: डबा उघडून समोर ठेवला, तर तो क्ले हातात घेतो का? नसेल घेत, तर त्याला तो स्पर्श नकोसा असेल आणि नको असलेली वस्तू कोणी मागत नाही. तसे असल्यास त्या जागी त्याच्या आवडीचे काहीतरी आणा आणि 'नको' दाखवणारे चित्रही त्याला द्या. 'नको' म्हणणे हेही मागण्याइतकेच मोलाचे बोलणे आहे. क्ले आवडत असूनही मागत नसेल, तर चित्र कुठे ठेवले आहे ते तपासा. झोक्यावर ते त्याच्या डोळ्यांसमोर असते, टेबलावर कदाचित हातापलीकडे असेल. एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे मोजा.

आणि त्या मुलीला पाठीमागे बोटे मिटत पाचपर्यंत मोजायला शिकवा.